मा. खुलासासाहेब यांस

प्रति,
मा. खुलासासाहेब,
मुक्काम सरकारी फाईल



कर्जत-खालापूरच्या एखाद्या कातकरी वाडीत मूल दगावलं आणि पेपरात बातमी आली, की दुसऱ्या दिवशी तुम्ही हजर: ‘मृत्यू कुपोषणामुळे नव्हे, आजारामुळे.’ काय ही तत्परता! थोडी ॲम्ब्युलन्सला उसनी द्या.

तुमचं म्हणणं खोटं नसतं, हीच तर खुबी. मूल न्यूमोनियानंच गेलेलं असतं, नाहीतर जुलाबानं. पण तेच जुलाब शेजारच्या फार्महाऊसवर आलेल्या मुंबईच्या बाळालाही होतात. ते चार दिवसांत पुन्हा खेळायला लागतं. दोघांना जंतू एकच. मग फरक कशाचा, हे कळवण्याची कृपा करावी.

जुलाब लागले की मूल खात नाही, खाल्लेलं अंगी लागत नाही, जस्त वाहून जातं. वजन उतरलं की आतड्याचं अस्तर झिजतं, प्रतिकारशक्ती खचते, आणि पुढचा जंतू दारात उभाच असतो. स्क्रिमशॉ, टेलर आणि गॉर्डन यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी यावर अख्खा ग्रंथ लिहिला, तो १९६८ साली. फाईल फिरायला वेळ लागतो, मान्य आहे.

आणि तुमच्याच खात्याचे डॉक्टर काय करतात, ठाऊक आहे? अतितीव्र कुपोषित मुलाला संसर्ग झाला तरी ताप येईलच असं नाही. अंगात तापण्याइतकंही बळ नसतं. म्हणून उपचारात ताप नसतानाही अँटिबायोटिक सुरू करतात. म्हणजे खाटेवर कुपोषण आणि आजार एकत्र. तुमच्या टेबलावर आले की लगेच काडीमोड!

अंगणवाडीताई दंडाला पट्टी लावते. माप साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल. पण दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात. मूल सोबत, पट्टी वाडीत. परततात ते पावसाच्या तोंडावर, गढूळ पाण्याच्या आणि जुलाबांच्या दिवसांत. तोवर दंड किती बारीक झाला, हे कोणी मोजलेलं नसतं. पाण्याचं म्हणाल, तर खालापुरातल्या मोरबे धरणाचं पाणी नवी मुंबईच्या नळाला जातं. वाडीवरच्या बाया उन्हाळ्यात पाण्यासाठी डवरे, म्हणजे खड्डे, उकरतात. तेही कुपोषणात मोडत नाही म्हणा.

जगभर पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळजवळ निम्म्यांशी कुपोषणाचा संबंध असतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिलाही एक खुलासा पाठवून द्या.

जाता जाता एक विनंती. मृत्यूच्या कारणाच्या दाखल्यात, म्हणजे नमुना ४ मध्ये, तात्काळ कारणाखाली ‘त्यामागचं कारण’ लिहायला ओळी असतात. हातभार लावणाऱ्या इतर स्थितींसाठी दुसरा भागही असतो. ‘तीव्र कुपोषण’ हे दोन शब्द तिथे सहज मावतात. पुढच्या खेपेला तेवढे लिहायला सांगा.

आपला,
एक वाचक