समोरची खिडकी

नागपुरात होळी आटोपली की माळ्यावरून लोखंडी कूलर ओढल्याचा आवाज घराघरांतून येऊ लागतो. मग गवत बदलायचं, पंप साफ करायचा, पंख्याला तेल द्यायचं. इथवर सगळे एकमताने चालतात. कूलर खिडकीत बसला की मात्र मतभेद सुरू होतात, कारण घर गार कसं ठेवावं याबद्दल ज्याच्याकडे सल्ला नाही, असा माणूस या जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे.

आमचे मामा बर्फपंथी. फ्रिजमधले सगळे ट्रे कूलरच्या टाकीत. पाहुण्यांना सरबत कोमट मिळालं तरी चालेल. वास्तविक कूलर गारवा देतो तो पाणी थंड असतं म्हणून नव्हे, ते उडून जातं म्हणून. एक किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता ओढतो, त्याच्या सुमारे सातपट उष्णता एक लिटर पाणी वाफ होताना ओढतं. मामांना हे सांगून पाहिलं. ‘‘असंल सातपट. पण बर्फ टाकला की बरं वाटतं ना?’’ यावर विज्ञान काय बोलणार?

काकूंचा पंथ अधिक कडवा : खिडकी-बंद. ऊन आत येईल म्हणून दारं बंद, खिडक्या बंद, दाराखालच्या फटीत जुनं पोतं, आणि कूलर पूर्ण वेगात. अर्ध्या तासात चादर दमट लागते, ताटातला पापड वाकतो, मिठाला पाणी सुटतं आणि काकू जाहीर करतात, ‘‘या कूलरमध्ये काही दम नाही बाप्पा!’’

शेवटी मिस्त्रीला बोलावलं. त्याने कूलरकडे पाहिलंही नाही. सरळ जाऊन समोरची खिडकी ढकलली. ‘‘काकू, आतली हवा निघनच नाही, तं नवी येईन कुठून?’’ खोलीत खरोखर झुळूक फिरली. तो जिना उतरेपर्यंत काकूंनी खिडकी पुन्हा लावून घेतली होती. ‘‘त्याचं काय जातं? ऊन त्याच्या घरात थोडंच येते!’’

मिस्त्री म्हणाला तेच पुस्तकातही आहे. कूलरला कोरडी हवा लागते आणि ओली झालेली हवा बाहेर जायला वाट लागते. मे महिन्यातल्या दुपारी ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर चांगला कूलर २८ अंशांच्या आसपासची हवा देतो. तोच कूलर मुंबईच्या ३३ अंशांच्या दमट हवेत तीनेक अंश उतरवून थकतो, वर भिंतीला बुरशी आणतो. विदर्भाचा अनुशेष मोठा आहे खरा, पण या एका बाबतीत मुंबई मागास आहे.

आता चुलतभावाने एसी घेतला आहे आणि तो आम्हा सर्वांकडे करुणेने पाहतो. ‘‘शुद्ध हवा,’’ म्हणतो. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणतच नाही, खोलीतलीच गार करून फिरवत राहतो. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग असतो; बंद खोलीत दोघं झोपली तर पहाटेपर्यंत तो सहज दोन हजारांच्या पुढे जातो. त्यात हा गृहस्थ डासांसाठी कॉइल लावतो. एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, असं मोजून पाहिलेलं आहे. आणि हाच भाऊ पानठेल्यावर कुणी सिगारेट पेटवली की नाकाला रुमाल लावतो!

घरातली हवा मोजायचं यंत्रही त्याने आणलं आहे. आमच्याकडे ते काम ठेचा करतो. तव्यावर हिरव्या मिरच्या पडल्या की शेवटच्या खोलीतला माणूस किती वेळात खोकतो आणि किती वेळ खोकत राहतो, यावरून घरात हवा खेळते की नाही ते कळतं. काकूंकडे आम्ही सगळे सामुदायिक खोकतो.

पंथ ज्याचा त्याला लखलाभ. पण कूलरची टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून, कडा घासून कोरडी करा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या पत्र्यालाही महिनोन्महिने चिकटून राहतात. आणि हात घालण्याआधी नुसतं बटण बंद करून थांबू नका, प्लग काढा. लोखंडी कूलरचा शॉक जीव घेतो.