एकशेदहा

साकीनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ‘एकशेदहा’ म्हणतात. नवा कुरिअरवाला तो फ्लॅट नंबर समजून पहिल्या मजल्यावर घिरट्या घालतो. हे राहतात चौथ्यावर. मुंबईत माणूस वन बीएचकेचा टू बीएचके कधी होईल म्हणून झुरतो. हे मात्र बेडरूममधल्या लॅपटॉपवरून हॉलमधल्या नॅसवर फाइल सेकंदाला एकशे दहा एमबीनं कधी जाईल म्हणून झुरतात. अंतर म्हणाल तर बारा पावलं.

नॅस म्हणजे टीव्हीशेजारी फुलदाणीच्या जागी बसलेला काळा डबा. आत दोन हार्डडिस्क, मागे लॅनची केबल, पुढे लुकलुकते दिवे. मुंज, लग्न, बारसं, सोसायटीची सत्यनारायणाची पूजा, सगळं त्याच्या पोटात. वहिनींनी हौसेनं त्यावर क्रोशाचा रुमाल घातला होता. ‘अगं, गुदमरेल तो!’ असं हे ज्या आवाजात ओरडले, त्या आवाजात ते पोटच्या पोरांसाठीही कधी ओरडले नव्हते.

त्यांच्याकडे गेलं की पाण्याच्या आधी प्रश्न येतो, ‘तुम्हाला किती मिळतो?’ पाहुणा पगार सांगू की भाडं सांगू म्हणून चाचरतो. मग तासिका सुरू. ‘गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे भागिले आठ. झाले एकशे पंचवीस एमबी. ही सीटीसी. डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचे पत्ते आणि बाकीची कापाकापी वजा जाता इन-हॅण्ड एकशे दहा. आणि मला किती? अकरा!’ हे ‘अकरा’ असं उच्चारतात की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणीतरी नापास झालंय.

संध्याकाळी अंधेरी-कुर्ला रोडवर रिक्षा अर्धा तास एकाच जागी उभी राहिली तरी हे शांत असतात. घरी कॉपीचा ग्राफ जरा खाली वाकला की रक्तदाब वर. वहिनींनी फोनवर फोटो काढणं त्यांना खपत नाही. हजार छोट्या फाइली म्हणजे हजार वेळा उघडणं-मिटणं आणि नोंदी करणं. एका मोठ्या फाइलीला लागेल त्याच्या कितीतरी पट वेळ. ‘त्यापेक्षा व्हिडिओ काढ,’ म्हणतात. वेग तपासायला त्यांच्याकडे एक भलामोठा सिनेमा आहे. वर्षानुवर्षं तो बेडरूममधून हॉलमध्ये आणि हॉलमधून बेडरूममध्ये जातोय. तो त्यांनी अजून पाहिलेला नाही.

उपाय काय कमी केले? लॅमिंग्टन रोडवरून नवा स्विच आला, नॅसची रॅम वाढली. जंबो फ्रेम नावाचा प्रकार कुठेतरी वाचून पाकिटाचा आकार १५०० चा ९००० केला; मधल्या राउटरला तो मान्य नव्हता, तेव्हा रात्रभर नॅस दिसेनासाच झाला. दोन्ही टोकांना कॅट-सिक्सच्या नव्याकोऱ्या केबली लागल्या. मधला तुकडा सुताराने कपाटामागून नेलेला. त्याला हात कोण लावणार?

मी एकदा सुचवलं, चार टीबीची डिस्क खिशात घाला आणि घाटकोपरला मेट्रोत बसून दहा मिनिटांत साकीनाक्याला उतरा. सेकंदाला सहा हजार सहाशे एमबी पडतात. त्यांनी मोबाइलवर हिशेब करून पाहिला, बरोबर निघाला, आणि ते माझ्याशी काही दिवस बोलेनासे झाले.

अखेर इंटरनेटवाल्याचा पोरगा भलत्याच कामाला आला. त्याने सहज कपाटामागच्या केबलला टेस्टर लावला. ‘अंकल, पाच नंबर नहीं जल रहा.’ केबलमध्ये आठ तारा असतात. गिगाबिटला आठही लागतात. शंभर मेगाबिटचं काम चारांवर भागतं. उरलेल्या चारांतली एक तार गेली की यंत्रं आपापसात समजूत करून शंभरवर उतरतात, आणि शंभर भागिले आठ, वजा कापाकापी, म्हणजे अकरा. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड १०० असं ढळढळीत लिहिलेलं होतंच. पण इतक्या सोप्या ठिकाणी बघणं त्यांच्या अभ्यासाला शोभलं नसतं. पोराने नवं कनेक्टर क्रिंप केलं, शंभर रुपये घेतले आणि निघून गेला. ग्राफ एकशे बारावर.

बिल्डिंगला पेढे मिळाले. पण आठवडाभरात त्यांचा चेहरा पुन्हा उतरला. आता अडीच गिगाबिटचा स्विच बघताहेत. ज्या टीव्हीवर हे सगळं बघायचं, त्याचं लॅनचं पोर्टच शंभर मेगाबिटचं आहे, बऱ्याच टीव्हींचं असतं. आणि फुल एचडी सिनेमा सुरळीत चालायला साधारण सेकंदाला एक एमबी पुरतो. हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही. चौथ्या मजल्यावर कधी गेलात, तर कृपा करून तुम्हीही सांगू नका.