पडला की पाडला?

धक्का न लागताच कोलमडणाऱ्या बास्केटबॉलपटूला एनबीएने २०२३-२४ च्या हंगामापासून टेक्निकल फाउल लावला. समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, म्हणजे फिबाच्या, नियमांतही या नाटकाला टेक्निकल आहेच. आता रेफ्रीने निमिषभरात पाहायचं काय काय? बचाव करणारा आधीपासून जागेवर उभा होता का, धक्का छातीला बसला का, आणि गडी लागल्यावर पडला की लागण्याआधीच. किंकाळीला गुण नाहीत. उलट ती जितकी मोठी, तितका संशय जास्त.

जळगाव-धुळ्यात ही डोकेदुखी एप्रिल-मे महिन्यांत आपोआप मिटते. पारा ४५ अंशांकडे सरकलेला, मैदान सिमेंटचं. भर दुपारी त्यावर पाठ टेकवायची हौस कोणाला? तिथे जो पडला, तो खरंच पडला. रेफ्रीने खुशाल शिट्टी फुंकावी.

पंचाईत होते ती निवडणुकीच्या मैदानात. तिकीट कापल्याची नुसती कुणकुण लागली, की आमचे पुढारी ‘अन्याय झाला हो!’ करत कार्यकर्त्यांच्या अंगावर कोसळतात. तिथे चटका बसत नाही, मंडप असतो. आणि फ्री थ्रो पडणाऱ्यालाच मिळतो, बहुधा दुसऱ्या पक्षाकडून.