नाना आणि पाच पानं

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली भागात आमची खानदेशी माणसं दाटीवाटीनं राहतात, आणि तिथं दर दोन गल्ल्यांना एक नाना असतातच. मिलमधून निवृत्त, गच्चीवर थर्माकोलच्या खोक्यांत गव्हांकुर, गुळवेल आणि सदाफुली. कुणाला कॅन्सरचा संशय असल्याचं कळलं, की बायोप्सीचा रिपोर्ट येण्याआधी नाना पिशवी घेऊन दारात. “सकाळी सदाफुलीची पाच पानं, अनशापोटी. काहीच व्हत नही!”

पुरावा खिशातल्या मोबाइलात. ‘हळदीनं कॅन्सरच्या पेशी मेल्या.’ मेल्या, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत. पोटात गेलेलं हळदीतलं कर्क्युमिन रक्तात फार थोडं उतरतं, असं म्हटलं की नाना चष्मा वर करतात. “मग सदाफुलीतून औषध निघालं ते खोटं?”

इथं मात्र नाना बरोबर असतात, आणि तेच अवघड. सदाफुलीतूनच व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन निघाली. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर दुसरं आजही देतात. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही कॅम्पटोथेसिन सापडतं, त्याच्यापासून बनवलेली औषधं केमोत वापरतात. पण सदाफुलीतल्या एक ग्रॅम औषधाला शेकडो किलो सुकी पानं लागतात, आणि व्हिन्क्रिस्टिनचा एक डोस साधारण दोन मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही, तोही शिरेतून, मोजून. पाच पानांत औषध नगण्य, आणि सोबतीला बाकीची अल्कलॉइडं मात्र फुकट.

“म्हणजे मी म्हणतो तेच!” नाना खूश.

शेजारच्या वहिनींनी केमोसोबत नानांचा गुळवेलीचा काढा गुपचूप घेतला. लिव्हरचे आकडे चढले, डॉक्टरांनी काढा बंद करवला. गुळवेलीनंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी 2021 मध्ये नोंदवलेच आहेत. नाना दोन दिवस रुसले. तिसऱ्या दिवशी मऊ खिचडीचा डबा घेऊन वॉर्डाबाहेर बसले. औषधाच्या रांगेत तेच उभे, रक्तदाते शोधणारेही तेच. स्वतःची बीपीची गोळी ते रोज आठच्या ठोक्याला घेतात. तिथं झाडपाला चालत नाही.

2024 च्या नोव्हेंबरात टाटा मेमोरियलच्या 262 कॅन्सरतज्ज्ञांनी हळद-कडुलिंबाच्या भरवशावर उपचार लांबवू नका, असं पत्रक काढलं. नानांनी ते पूर्ण वाचलं आणि पुढे पाठवलं; खाली स्वतःची ओळ जोडून: ‘हळद मात्र घरचीच घ्या.’

तुमच्याकडच्या नानांना दारातून परत पाठवू नका, डबा त्यांच्याशिवाय कोण आणणार? फक्त काढा पोटात गेला असेल, तर त्याचं नाव डॉक्टरांना सांगा.