इतर अधिकारांचा रकाना

जमीन घ्यावयाची झाल्यास तीस वर्षांचा शोध अहवाल हाती आल्याविना बयाण्याची दमडीही न देणारा, मुलीच्या स्थळाची चौकशी मुलाच्या आजोळापर्यंत नेऊन भिडविणारा आणि मंडईत पाव किलो वांगी घेतानाही प्रत्येक वांग्याचे देठ उलटून पाहणारा जो मराठी गृहस्थ, त्याने आपला ई-मेलचा पत्ता मात्र कोणाकडून आणि कोणत्या विचाराने घेतला, असे विचारले असता तो बुचकळ्यात पडतो. कारण तो त्याने घेतलेलाच नसतो. नवा फोन विकताना दुकानातील पोराने ‘काका, एक मेल आयडी लागतो, टाकून देतो’ असे म्हणून तो टाकून दिलेला असतो. पुढे त्याच टाकून दिलेल्या पत्त्यावर बँक, डिमॅट, भविष्यनिर्वाह निधी, प्राप्तिकर आणि पारपत्र अशी सारी दफ्तरे येऊन विसंबतात. यांपैकी कोणाचाही पासवर्ड विसरला की नवा पासवर्ड याच पत्त्यावर येतो, ही गोष्ट गृहस्थाला बहुधा चोराच्या मागाहून कळते.

फुकटच्या टपालाचा व्यवहार तसा जुना आहे. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी ४ जुलै १९९६ रोजी हॉटमेल सुरू केले आणि पुढच्या वर्षअखेरीस सुमारे चाळीस कोटी डॉलरला ते मायक्रोसॉफ्टच्या स्वाधीन केले. ज्या वस्तूबद्दल कोणाकडूनही छदाम घेतला जात नव्हता तिला एवढी किंमत कशी आली, हा हिशेब त्या वेळी फारसा कोणी मांडला नाही. गूगलने १ एप्रिल २००४ रोजी एक गिगाबाइट जागा फुकट देऊ केली, तेव्हा तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टा वाटली. थट्टा नव्हती, पत्रांतील मजकूर यंत्राकरवी वाचून त्याबरहुकूम जाहिराती दाखविण्याचा तो रोकडा करार होता. २०१७ साली कंपनीने हे जाहिरातींसाठीचे वाचन बंद करीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा आपली पत्रे इतकी वर्षे कोणीतरी वाचीत होते, हे कित्येकांना प्रथमच कळले आणि, खरे सांगावयाचे तर, थोडे बरेही वाटले. घरात कोण वाचतो?

याहूच्या कोठारावर २०१३ साली दरोडा पडला. त्याची वर्दी २०१६ मध्ये मिळाली व तीत शंभर कोटी खाती गेल्याचे नमूद होते. २०१७ मध्ये फेरतपासणीअंती आकडा तीनशे कोटी, म्हणजे त्या वेळची एकूण एक खाती, असा दुरुस्त करण्यात आला. फिर्यादीला तीन वर्षे आणि पंचनाम्याला चार, ही गती पाहता आमच्या पोलीस ठाण्यांविषयी जे नित्य बोलले जाते ते किंचित अन्यायाचे ठरते.

असे असता सुरक्षित पत्ता कोणता, या प्रश्नावर आमच्या सोसायटीत तट पडणे क्रमप्राप्तच होते. स्वदेशी पक्षाला ऑक्टोबर २०२५ मध्ये मोठेच बळ आले, कारण खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी आपला पत्ता झोहो या चेन्नईच्या कंपनीकडे हलविल्याचे जाहीर केले. त्याच आठवड्यात आमच्याकडे दोघांनी झोहोवर खाती उघडली आणि ती उघडल्याची शुभवार्ता परस्परांना व्हॉट्सॲपवर कळविली. दुसरा पक्ष स्वित्झर्लंडच्या प्रोटॉनचा. तेथील साठविलेली पत्रे कंपनीलाही वाचता येत नाहीत, अशी त्या सेवेची रचना आहे. तथापि एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ही सेवा भारतात रोखावी असा आदेश केंद्र सरकारला दिला, आणि आपले पत्र कोणालाही वाचता येऊ नये या ध्येयाची परिपूर्ती ते आपल्यालाही वाचता येऊ नये येथवर होण्याचा संभव दिसू लागला. तिसरा पक्ष स्वतःच्या नावाचे डोमेन घेणाऱ्या तरुण अभियंत्यांचा. त्यांचा पत्ता भारदस्त असतो, परंतु वार्षिक भाडे भरावयाचे राहिले तर तोच पत्ता उद्या दुसरा कोणी रीतसर विकत घेतो आणि त्यावर येणारी पत्रेही त्याच्या पदरात पडतात. नोकरीच्या कचेरीतील पत्ता बँकेला देणाऱ्यांचा जो चौथा पक्ष, त्याविषयी लिहिण्याचे कारण नाही. राजीनाम्याच्या दिवशी तो आपोआप विसर्जित होतो.

आमच्या मते हा सारा वाद चुकीच्या रकान्यावर चालला आहे. सातबाराच्या उताऱ्यात भोगवटादाराच्या नावापलीकडे ‘इतर अधिकार’ असा एक रकाना असतो. त्यात सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, बहिणींचा हक्क अशा नोंदी असतात, आणि जाणता खरेदीदार मालकाच्या नावाआधी तो रकाना वाचतो. ई-मेलच्या खात्यालाही असा रकाना आहे: पासवर्ड विसरल्यास ज्या मोबाइलवर ओटीपी जावयाचा तो क्रमांक, आणि ज्या दुसऱ्या पत्त्यावर दुवा जावयाचा तो पत्ता. खात्यावर नाव कोणाचेही असो, वहिवाट त्या क्रमांकाची असते.

आमचे एक स्नेही निवृत्त नायब तहसीलदार आहेत. दुसऱ्याच्या उताऱ्यावरील बोजा दहा हातांवरून ओळखणारी ही नजर एकदा आम्ही त्यांच्याच खात्याकडे वळविली. पत्ता त्यांच्या नावाचा आणि त्यापुढे १९५८ हे जन्मसाल. आता ई-आधारच्या प्रतीला जो पासवर्ड असतो तो म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मसाल. तेव्हा हे सद्गृहस्थ गेली कित्येक वर्षे कुलूप आणि किल्ली एकाच पाकिटावर छापून गावभर वाटीत होते. खात्याचा पासवर्ड स्वयंपाकघरातील भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पाठीमागे, सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली, लाल शाईत. इतर अधिकारांत थोरल्या चिरंजीवांचा नागपुरास असतानाचा प्रीपेड क्रमांक, जो केव्हाच बंद पडला होता. बंद पडलेला क्रमांक नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकास देण्याची मुभा कंपन्यांना आहे, एवढे सांगताच नायब तहसीलदारांनी चष्मा काढला आणि ‘म्हणजे कूळ लागले म्हणा की’ असे उद्गार काढले. प्राप्तिकराच्या संकेतस्थळावर तर त्यांच्या नावापुढे करसल्लागाराच्या कचेरीतील मुलाचा ई-मेल होता. नोटीस आली असती तर ती त्या मुलाने बजावून घेतली असती.

सोयीची कथा याहून निराळी नाही. गूगलची पंधरा गिगाबाइटची फुकट जागा पत्रे, छायाचित्रे आणि ड्राइव्ह यांच्यात सामाईक आहे, आणि अँड्रॉइडवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही आता तिच्यातच मोजला जातो. परिणामी स्नेहीमंडळींनी नित्यनेमाने धाडलेल्या सूर्योदयाच्या व गुलाबांच्या चित्रांनी जागा व्यापली की नवी पत्रे यावयाची थांबतात, आणि बँकेचा इशारा दारावरून परत जातो. यावर तोडगा म्हणून एका शेजाऱ्यांनी केवळ बँकेकरिता अत्यंत गुप्त असा वेगळा पत्ता काढला. विचार उत्तम होता. साडीच्या दुकानात आणि लग्नजुळणीच्या संकेतस्थळावर जो पत्ता देतो तो बँकेला देऊच नये. परंतु त्यांनी बँकेला पत्ता कळविण्याचे काम पुढे ढकलले आणि गुप्तता इतकी पाळली की स्वतःही तो कधी उघडला नाही, आणि दोन वर्षे न वापरलेली खाती काढून टाकण्याचा गूगलचा नियम डिसेंबर २०२३ पासून अमलात आहे.

नायब तहसीलदारांचे काम मात्र आम्ही तडीस नेले. कंपनी तीच ठेवली. पासवर्ड लांब केला. एसएमएसऐवजी फोनमधील ॲपवर दुसरे कुलूप लावले. आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून विम्याच्या पॉलिसींशेजारी गोदरेजच्या कपाटात ठेवले. तोवर ते जांभया देत होते. परंतु खाते ठरावीक महिने निश्चल राहिल्यास ते कोणाच्या हवाली करावे, याची नोंद हयातीतच करून ठेवता येते आणि तीत दहा नावांपर्यंत सोय आहे, हे ऐकताच ते सरसावून बसले. वारस नोंद! त्यांना तीन मुलगे. थोरल्याचा क्रमांक काढल्यावर मधल्याचा घातला, त्याला धाकट्याने हरकत घेतली, सुनांचे म्हणणे स्वतंत्रपणे नोंदविण्यात आले, आणि तीन रविवारच्या बैठकांनंतर असे ठरले, की क्रमांक वडिलांचाच राहील, कपाटाची किल्ली आईकडे राहील आणि तिघांपैकी एकाने जरी त्या खात्याला हात लावला तर उरलेल्या दोघांस तत्काळ वर्दी जाईल. इतका कडेकोट बंदोबस्त स्वित्झर्लंडलाही साधलेला नाही.