समीकरणाची पंगत

पीपीटीत समीकरण कसं घालावं, या प्रश्नाला हल्ली उत्तर चटकन मिळतं. 'इन्सर्ट'मध्ये जा, 'इक्वेशन' दाबा. तेवढाही धीर नसेल तर आल्ट आणि बरोबरचं चिन्ह एकदम दाबा, चौकट हजर. समीकरण मुळात का घालावं, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. समीकरणाने स्लाइडला वजन येतं आणि श्रोता गप्प बसतो. तो समजून गप्प बसला की न समजल्यामुळे, हे प्रोजेक्टरसाठी केलेल्या अंधारात दिसत नाही आणि दिसावं अशी वक्त्याचीही इच्छा नसते. माझं म्हणणं एवढंच आहे की समीकरण ही बघायची वस्तू नव्हे. ते घडावं लागतं, आणि घडायला वेळ लागतो. स्लाइड नेमका तो वेळ खाऊन टाकते आणि वर 'आपला वेळ वाचला' म्हणून आपल्याकडूनच शाबासकी घेते.

बुलढाणा जिल्ह्यातल्या हिवरा आश्रमचं उदाहरण घेऊ. मेहकर तालुक्यातलं हे गाव विवेकानंद आश्रमामुळे सर्वांना माहीत आहे. तिथे कृषी महाविद्यालयही आहे, हे त्यामानाने कमी जणांना माहीत असतं. गणिताला कंटाळून शेतीच्या शिक्षणाकडे वळावं, असा बेत करणाऱ्या विद्यार्थ्याला अशा महाविद्यालयात गाठतात ते पानसे आणि सुखात्मे. विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी माणसांनी शेतीच्या प्रयोगांचं संख्याशास्त्र ज्या ग्रंथात मांडलं, तो भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1954 साली काढला. तेव्हापासून देशभरातल्या कृषी थिसिसांच्या शेवटच्या पानांवर ही जोडी ठाण मांडून बसलेली आहे. आरबीडी, एफ टेस्ट, सीडी ही या विद्यार्थ्यांची रोजची भाषा. सेमिनारच्या स्लाइडवर दोन ट्रीटमेंटमधल्या, म्हणजे समजा दोन वाणांमधल्या, फरकाच्या प्रमाणदोषाचं सूत्र येतं: वर्गमूळाच्या छपराखाली दोन गुणिले त्रुटीचं विचरण, भागिले रेप्लिकेशनची संख्या, म्हणजे आर. सूत्र येतं, चमकतं आणि 'नेक्स्ट स्लाइड' म्हणताच जातं. वास्तविक त्यात एक सबंध गोष्ट आहे. वर दोन कशासाठी? तुलना दोन सरासऱ्यांची आहे, आणि प्रत्येक सरासरी आपल्या वाट्याची चूक घेऊनच येते. खाली रेप्लिकेशन कशासाठी? एकाच वाणाला एकच वाफा दिला तर तो पिकला कशामुळे, वाणाच्या गुणाने की शेजारच्या उकिरड्याच्या कृपेने, हे कळत नाही. तीन-चार ठिकाणी पेरला की उकिरड्याचं श्रेय आपोआप पातळ होतं. एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पण सूत्र आयतं समोर असल्यामुळे ती दोन मिनिटं कुणाला खर्चावीशी वाटत नाहीत. दिसलं म्हणजे सांगून झालं, असा वक्त्याचा समज होतो, आणि दिसलं म्हणजे समजलं असणार, असा श्रोत्याचा.

गणिताचा इतिहास या बाबतीत माझ्या बाजूने साक्ष देतो. बरोबरचं चिन्ह 1557 सालापर्यंत अस्तित्वातच नव्हतं. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गृहस्थांना 'याच्या बरोबर आहे' हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिण्याचा कंटाळा आला आणि त्यांनी दोन समांतर रेघा ओढल्या; कारण त्यांच्या मते दोन समांतर रेघांपेक्षा अधिक सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत. आपल्याकडे भास्कराचार्यांनी 1150च्या सुमारास 'लीलावती' रचली ती पद्यात. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणजे आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात. त्या परंपरेत पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि पुढच्यांना रंगांची नावं होती: कालक, नीलक, पीतक; लिहिताना नुसतं या, का, नी. रंगीत स्लाइडचा शोध आपणच आधी लावला, असा दावा करायला ही चांगली जागा आहे, पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की ते गणित म्हणायचं होतं, आणि माणूस कितीही घाईत असला तरी जिभेहून वेगाने म्हणू शकत नाही. आपले पाढे, पावकी, निमकी, दिडकी यांनाही तोच लगाम होता. पुढे फळा आला आणि हा लगाम जिभेकडून हाताकडे गेला. खडू सरकतो तेवढ्याच वेगाने वर्गाचं डोकं चालतं, आणि खडू मोडला की डोक्याला विसावा मिळतो. जगभरचे गणिती फळ्याला अजून चिकटून आहेत ते केवळ जुन्याच्या प्रेमाने नव्हे. जपानची हागोरोमो ही खडू कंपनी 2015 साली बंद होणार असं कळल्यावर मोठमोठ्या विद्यापीठांतल्या प्राध्यापकांनी खोक्यांनी खडू साठवले. दुष्काळात ज्वारी साठवावी तसे खडू साठवणारी ही माणसं संगणक न येणारी नव्हती. डोक्याचा वेग कशाने राखला जातो, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

यंत्राने हा लगाम कसा काढला, तेही पाहण्यासारखं आहे. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांना 1977 साली आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं आली. त्यांतली गणिताची जुळणी इतकी ओबडधोबड होती, की ग्रंथ बाजूला ठेवून त्यांनी जुळणीचीच प्रणाली लिहायला घेतली. ती म्हणजे टेक. काम लवकर आटोपेल असा अंदाज होता. त्यात सुमारे दशक गेलं. आजही तिच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीनंतर पायच्या किमतीकडे एकेक अंक सरकतो. चुका दुरुस्त करण्याचं काम कधीच संपत नाही, ही कबुली इतक्या अचूक अपूर्णांकात दुसऱ्या कुणी दिलेली नाही. टेकमध्ये समीकरण लिहायला कष्ट पडत, म्हणून लिहिणारा जपून लिही. 1987 साली पॉवरपॉइंट आलं. ऑफिसच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये माउसने एकेक चौकोन भरत बसावं लागे, म्हणून तिथेही संयम टिकून होता. त्या एडिटरमध्ये सुरक्षेचं एक भोक सतरा वर्षं कुणाच्या नजरेला पडलं नव्हतं. ते सापडलं आणि जानेवारी 2018मध्ये मायक्रोसॉफ्टने एडिटरच काढून टाकला. जुन्या स्लाइडांतली समीकरणं त्यामुळे एका रात्रीत आर्ष झाली: दर्शन घ्यावं, अक्षर बदलू नये. नव्या सोयीत मात्र कष्ट उरलेले नाहीत, आणि कष्ट गेले तिथे लाजही गेली. मराठीतून शिकवणाऱ्याला मात्र थोडे कष्ट उरले आहेत. ऑफिसच्या नेहमीच्या गणिती फाँटमध्ये देवनागरी नाही, म्हणून 'क्ष' त्या चौकटीत परगावच्या पाहुण्यासारखा अवघडून बसतो. जुन्या मराठी फाँटात केलेली स्लाइड पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली की मजकुराचा असा काही काला होतो, की त्यापुढे अवघडातलं अवघड समीकरणसुद्धा सोपं वाटावं.

पुन्हा हिवरा आश्रमाकडे येऊ. तिथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवाला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद असतो. माणसांची संख्या लाखाच्या घरात, पंगती मोकळ्या शेतात, आणि वाढायला ट्रॅक्टर. इतक्या माणसांना जेवू घालणं हे एक समीकरणच आहे, आणि ते सुटतं याचं कारण क्रम. माणसं आधी रांगेत बसतात. ट्रॅक्टर दोन रांगांमधून माणसाच्या हाताला झेपेल अशा चालीने जातो. पुरीच्या वेळी पुरी, भाजीच्या वेळी भाजी. आणि समोरच्याच्या पानात पडल्याशिवाय वाढणारा पुढे सरकत नाही. वेळ वाचवण्याच्या नावाखाली कुणी सबंध ट्रॉली पंगतीच्या तोंडाशी उलटी केली आणि 'महाप्रसाद सादर केला आहे, आता आभारप्रदर्शन' असं जाहीर केलं, तर त्याला गाव सोडावं लागेल. सभागृहात मात्र हेच करणाऱ्याला प्रमाणपत्र आणि पुष्पगुच्छ मिळतो.

कुणी म्हणेल, यात एवढं बिघडतं काय? न समजलेल्या समीकरणाने कुणी मेलेलं नाही. समीकरणाचं सांगता येणार नाही, पण स्लाइडच्या तळाशी पुरलेल्या आकड्याचं सांगता येतं. 2003 साली कोलंबिया अवकाशयानाच्या पंखावर उड्डाणाच्या वेळी फोमचा तुकडा आदळला होता. यान अजून वर असताना अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज स्लाइडांवरून मांडला. त्यातल्या एका स्लाइडच्या अगदी शेवटच्या ओळीत एक तुलना होती: आदळलेला तुकडा सुमारे 1920 घनइंचांचा, तर ज्या चाचण्यांच्या भरवशावर अंदाज बांधला त्यांतला तुकडा 3 घनइंचांचा. भागाकार केला तर 640 पट. तो भागाकार कुणी तरी खडूने, सगळ्यांसमोर, मोठ्याने करायला हवा होता. यान परतलं नाही; कल्पना चावलांसह सातही अंतराळवीर गेले. पुढे चौकशी मंडळाने महत्त्वाचं तांत्रिक गणित स्लाइडांतून मांडण्याच्या या रिवाजावरच बोट ठेवलं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला आक्षेप अर्थातच अभ्यासक्रमाचा: एवढा पोर्शन आहे, फळ्यावर लिहीत बसलो तर संपणार कधी? पोर्शन स्लाइडने संपतो हे खरं आहे, पण तो शिक्षकाचा संपतो. विद्यार्थ्याचा परीक्षेच्या आदल्या रात्री सुरू होतो. वाचलेला वेळ कुठे जात नाही, तो फक्त दुसऱ्याच्या खात्यावर नावे पडतो. दुसरा आक्षेप अक्षराचा: आमचं अक्षर मागच्या बाकावरून दिसत नाही. हा मान्य. काही शिक्षकांचा फळा पाहता मोडी लिपी अजून जिवंत आहे याची खात्री पटते. म्हणून शेवटचं, सिद्ध झालेलं सूत्र स्लाइडवर मोठ्या अक्षरात खुशाल ठेवावं. माझी हरकत सूत्राच्या मुक्कामाला नाही, मुक्कामाला विमानाने उतरवण्याला आहे. तिसरा आक्षेप ॲनिमेशनवाल्यांचा: आम्ही एकेक पद क्लिकसरशी आणतो. ऐकायला छान आहे. पण खडू धरणारा हात लिहिता लिहिता विचार करतो, आणि क्लिक करणाऱ्या बोटाला विचार करायची गरज पडत नाही. तीन क्लिकनंतर ते बोट इतकं सरावतं, की सात पदं चार सेकंदांत येऊन पडतात, आणि शेवटचं उगीचच गिरकी घेत येतं. चौथा आक्षेप खुद्द विद्यार्थ्यांचा: आम्ही मोबाइलवर फोटो काढतो ना! काढतात खरे. ते फोटो लग्नाच्या अल्बमसारखे असतात: जपले जातात, उघडले जात नाहीत.

पाचवा आक्षेप मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. शहरातल्या नामांकित संस्थेतल्या प्राध्यापकाला खडूचं कौतुक करणं परवडतं. त्याला कुणी मागासलेलं म्हणत नाही. हिवरा आश्रमच्या मुलीला उद्या अकोल्याला, दिल्लीला परिषदेत उभं राहायचं आहे. तिच्या पीपीटीत सुबक समीकरण नसेल तर तिचं काम पाहण्याआधीच तिला खालच्या पायरीवर बसवलं जाईल. हे खरं आहे, आणि म्हणून तिला आल्ट आणि बरोबरचं चिन्ह शिकवलंच पाहिजे; टेकही शिकवावं. पण त्याच परिषदेत प्रश्नोत्तरांच्या वेळी कुणी विचारतं, 'हा खालचा आर म्हणजे काय?' तेव्हा सुबकपणा मदतीला येत नाही. तिथे उकिरड्याची गोष्ट यावी लागते. ती ज्याला येते त्याची स्लाइड साधी असली तरी चालते, आणि ज्याला येत नाही त्याची सुंदर असली तर जास्त पंचाईत होते, कारण तिथे लोकांचं लक्ष जातं. शिवाय या मुलीला शेतकऱ्यांपुढेही उभं राहायचं आहे. तिथे सोयाबीनच्या झाडांची संख्या सांगताना सूत्र असं आहे: क्षेत्र भागिले दोन ओळींतल्या आणि दोन झाडांतल्या अंतरांचा गुणाकार. पंचेचाळीस बाय पाच सेंटिमीटरवर पेरलं तर हेक्टरी 4 लाख 44 हजार झाडं येतात. हे पडद्यावर दाखवलं तर शेतकरी आदराने मान डोलावेल. तिफणीच्या मागे टेप धरून तासात मोजलं तर तो हुज्जत घालेल, 'एवढी उगवतात कुठं मॅडम?' म्हणून विचारेल, आणि उगवणक्षमतेचं पद समीकरणात स्वतःच घालून देईल. हुज्जत सुरू झाली म्हणजे समीकरण पोचलं असं समजायला हरकत नाही.

स्टीफन हॉकिंग यांना 1988च्या त्यांच्या लोकप्रिय पुस्तकाच्या वेळी कुणीतरी बजावलं होतं, की दर समीकरणामागे खप निम्मा होईल. त्यांनी एकच ठेवलं. हाच हिशेब सेमिनारला लावला तर साठ श्रोते आणि सहा समीकरणं मिळून शेवटी एकाहून कमी श्रोता उरतो, आणि तो बहुधा लॅपटॉपचा मालक असतो. म्हणून माझी सूचना साधी आहे. स्लाइडवर समीकरण आलं की प्रोजेक्टर बंद करावा आणि वक्त्याने ते आठवणीने, मराठीत, प्रत्येक अक्षराचा अर्थ सांगत म्हणून दाखवावं. म्हणता आलं तर दिवा पुन्हा लावावा. नाही आलं तर ते समीकरण वगळून पुढे जावं. या नियमाने बहुतेक सेमिनार निम्म्या वेळात आटोपतील, उरलेल्या वेळात खरे प्रश्न विचारता येतील आणि चहा गरम असताना मिळेल. हा शेवटचा लाभ ठळक अक्षरात मांडला तर ठराव एकमताने मंजूर व्हायला अडचण दिसत नाही. त्यासाठी एखादी स्लाइड लागलीच तर माझी ना नाही.