गिटारमुमुक्षू

ज्याने गिटार विकत घेतली आहे, ती बोटांनी छेडूनच वाजवायची असा ज्याचा कृतनिश्चय झाला आहे, आणि कोणत्या पद्धतीने छेडायची याचा निकाल लागेपर्यंत जो तिला हात लावीत नाही, अशा गृहस्थाला मी गिटारमुमुक्षू म्हणतो. चाळिशी ओलांडलेली, कचेरीत जबाबदारीची जागा, आणि लहानपणी पेटी शिकण्याची इच्छा वडिलांनी ‘आधी मॅट्रिक हो’ या एका फर्मानाने तहकूब केलेली, एवढा पूर्वेतिहास या वर्गात बहुधा सारखाच असतो. आमच्या आळीतले या वर्गाचे मुकुटमणी दिवाणी न्यायालयात शिरस्तेदार आहेत. त्यामुळे उभय पक्षांचे म्हणणे रुजू झाल्यावाचून कशाचाही निवाडा करायचा नाही, ही वृत्ती त्यांच्या हाडीमाशी खिळली आहे.

त्यांच्यापुढील मूळ दावा केंटकी विरुद्ध स्पेन असा आहे. केंटकीतल्या कोळशाच्या खाणींच्या मुलखात 1917 साली जन्मलेल्या मर्ल ट्रॅव्हिसच्या नावाने जी पद्धत ओळखली जाते, तीत अंगठ्याने खर्जाच्या तारांवर आळीपाळीने ठेका धरायचा, तळहाताच्या कडेने त्या तारा किंचित दाबून त्यांचा नाद बोथट करायचा, आणि वरच्या तारांवर चाल काढण्याचे काम मुख्यत्वे एकट्या तर्जनीवर सोपवायचे. उलटपक्षी स्पॅनिश परंपरेत अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिका हे चौघे आपापल्या स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांनी, म्हणजे पी, आय, एम, ए या संज्ञांनी, दप्तरी दाखल झालेले आहेत. करंगळीला दोन्ही दरबारांत बहुधा काम नाही, एवढाच मुद्दा निर्विवाद. त्यातून पुन्हा, छेडून झालेले बोट शेजारच्या तारेवर टेकवायचे की हवेत मोकळे सोडायचे, आपोयांदो की तिरांदो, हा पोटवाद निराळाच. त्याची सुनावणी आमच्या ओट्यावर बहुतेक रविवारी होते.

‘शिक्षण पद्धतशीर हवे,’ हे त्यांचे पालुपद. माउरो जुलियानी याने 1812 साली व्हिएन्नात प्रसिद्ध केलेले उजव्या हाताचे 120 पाठ त्यांनी मिळवले. डाव्या हाताला सी आणि जी-सेव्हन हे दोनच कॉर्ड देऊन उजव्या हाताकडून एकशेवीस परींनी राबवून घेणारा हा इटालियन त्यांना फार शिस्तीचा वाटला. रोज चार याप्रमाणे तीस दिवस, त्यापुढे कार्कासीचे पंचवीस अभ्यासपाठ, त्यापुढे ट्रिनिटीच्या आठ इयत्ता, असा एक तक्ता लाल शाईने आखून दिवाणखान्यात लावण्यात आला. त्यातला ‘शेरा’ हा रकाना अद्याप कोरा आहे. मध्यंतरी एका वृद्ध गोवेकर मास्तरांकडे ते मसलतीस गेले होते. मास्तरांनी सगळी कैफियत डोळे मिटून ऐकली आणि ‘वाजवून दाखवा, मग सांगतो,’ एवढेच म्हटले. अर्ज दाखल होण्यापूर्वीच पुरावा मागण्याचा हा प्रकार शिरस्तेदारांना सर्वथैव बेकायदा वाटला, आणि त्या दारी ते पुन्हा गेले नाहीत.

परंतु त्यांच्या साधनेचा खरा कस लागला तो नखांच्या प्रकरणात. फर्नांदो सोर आणि दिओनिसिओ आग्वादो हे दोघे स्पॅनिश वादक पॅरिसमध्ये वास्तव्य करून होते. पैकी सोर बोटांच्या मांसल अग्रांनी वाजवी आणि आग्वादो नखांनी. हा मतभेद कायम ठेवूनच सोरने उभयतांसाठी ‘दोन मित्र’ या नावाचे युगुलवादन रचले, ही गोष्ट शिरस्तेदार मोठ्या हळहळीने सांगतात, कारण तडजोडीमुळे हुकूमनामा व्हायचा राहिला. पुढे तार्रेगाने उतारवयात नखे कापून टाकली, म्हणजे तो दाखलाही दुटप्पीच. अखेर, वाढवलेली नखे केव्हाही कापता येतात, कापलेली मात्र तत्काळ वाढवता येत नाहीत, या न्यायाने त्यांनी उजव्या हाताची नखे राखली.

आता उजवा हात म्हणजे जेवणाचा हात. स्पेनमध्ये ही अडचण कोणाला आली नसावी. वरणभात कालवताना चारही नखांखाली हळदीचा असा काही थर बसे, की कचेरीत सही करताना पक्षकार आधी कागदाकडे न पाहता बोटांकडे पाहत. ‘जेवत्या हाताला नखं राखणारा पुरुष आमच्या घराण्यात तूच रे पहिला,’ असे मातोश्री म्हणाल्या. पत्नीने काही न बोलता ताटाशेजारी चमचा ठेवण्याचा शिरस्ता पाडला. रात्री सर्वांची निजानीज झाल्यावर हा गृहस्थ दिव्याखाली बसून बारीक पॉलिशकागदाने एकेक नख घाशी, उजेडाकडे धरून त्याची कमान पाही, आणि त्या क्षणी त्याच्या मुद्रेवर जे समाधान विलसे, ते पुष्कळशा वाजवणाऱ्यांच्या मुद्रेवरही मी पाहिलेले नाही.

गेल्या दसऱ्याला शस्त्रपूजेसाठी म्हणून गिटारीची पेटी उघडायची ठरली. कडी गंजून घट्ट बसली होती. ती ओढताना अनामिकेचे नख मुळाशी तुटले. मी सहज सुचवले की, शिरस्तेदारसाहेब, नख महिन्याला जेमतेम 3 मिलिमीटर वाढते. तोवर सोरच्या मताने, बिननखी, आरंभ करायला काय हरकत आहे? त्यांनी हात माझ्यापुढे धरला आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, ‘अहो, तीन बोटं आग्वादोकडे आणि एक सोरकडे! अशा हातासाठी कोणती पद्धत आहे, ते आधी मला दाखवा.’